मंडपवाल्याला पत्रिका नाही

अन्याय झाला तो गोकुळशेठ मंडपवाल्यांवर. झाला तो गेल्या आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, पहिल्या रविवारी, धुळ्याला, देवपुरातल्या एका मंगल कार्यालयाच्या दारात, मंगलाष्टकं सुरू होण्याच्या जरा आधी. करणारी माणसं चांगल्या घरातली होती. म्हणूनच लिहिते आहे. वाईट माणसांविरुद्ध लिहायला माझ्याकडे वर्षभर पुरेल एवढं काम आधीच पडलेलं आहे.

पण तुम्हाला थेट त्या दारात नेऊन उभं केलं तर तुम्ही म्हणाल, एका म्हाताऱ्याला लग्नात घेतलं नाही, त्यात एवढं काय? तेव्हा आधी माणूस बघा.

माणूस बघायचा तर जळगावात सकाळी बाजार उघडायच्या वेळेला या. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक जुनं, उंच दाराचं गोदाम आहे. त्याच्या दारात, अगदी रस्त्याला लागून, पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि कपाळाला केशराचा टिळा अशा थाटात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ कमोडच्या खुर्चीवर बसून चहा पीत असतात. अंगावर सगळे कपडे व्यवस्थित असतात. हे मुद्दाम सांगते, कारण नवीन माणूस आधी तेवढंच तपासतो आणि मग दुसरीकडं बघतो.

शाळेच्या रिक्षातली पोरं रोज खिदळतात. गोकुळशेठ त्यांना बशी उंचावून दाखवतात.

"नवा माल आला ना, की बसून बघितल्याशिवाय मी देत नसतो," ते सांगतात. "ज्या खुर्चीवर मला चहा गोड लागत नाही, तिच्यावर कुणाची आई कशाला बसवू?"

खुर्ची पास झाली की आत जाते. नापास झाली तर ज्यानं बनवली त्याला फोन. "भाऊ, डावा पाय लंगडा आहे. माझा नाही, खुर्चीचा." तेच पलंगाचं. दवाखान्यातला तो वरखाली होणारा पलंग आला की शेठ भर दुपारी, उघड्या दारात, गल्लीकडं पाय करून त्यावर आडवे होतात. एकदा त्यांचा खरंच डोळा लागला आणि समोरच्या किराणावाल्याकडं नव्यानं लागलेल्या माणसानं धावत जाऊन हार आणला. शेठनी उठून हार तपासला आणि म्हणाले, "झेंडू शिळा आहे. परत कर."

तर हा त्यांचा उद्योग. चाकाच्या खुर्च्या, वॉकर, पलंग, हवेच्या गाद्या, कमोडच्या खुर्च्या, सलाईनचे स्टँड. ज्याला लागेल त्याला न्यायचं, गरज संपली की परत आणायचं. भाडं नाही, अनामत नाही, जात-गाव-पक्ष काही नाही.

माझी आणि त्यांची पहिली गाठ भांडणातच पडली. आम्ही काही जण आरोग्याच्या हक्कांवर काम करतो, म्हणजे मोर्चे काढतो आणि पत्रकं वाटतो. त्या दिवशी माझ्या हातात पत्रक होतं, 'दान नको, हक्क हवा'. मी ते शेठच्या चहाच्या बशीशेजारी ठेवलं आणि म्हटलं, "तुमच्यासारख्यांमुळं सरकारचं फावतं. पलंग देणं सरकारचं काम आहे. तुम्ही देता, मग ते कशाला देतील?"

शेठनी पूर्ण पत्रक वाचलं. दोन्ही बाजूंनी. आमचं पत्रक शेवटपर्यंत वाचलेला मी पाहिलेला तो पहिलाच माणूस.

"बराबर आहे," ते म्हणाले. "सही कुठं करू?"

मी गडबडले. "सही कशाला? तुम्ही हे बंद करा, असं म्हणतेय मी."

"करतो ना. सरकारी पलंग आला की त्याच दिवशी कुलूप लावतो. तोवर ह्या माय आल्यात चोपड्याकडून, ह्यांना कुठं बसवू? तुझ्या पत्रकावर?"

आत एक म्हातारी उभी होती, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली, मुलाच्या खांद्याला धरून. मांडीचं हाड मोडून जुळलं होतं, खाली बसता येत नव्हतं, आणि खुर्चीवर बसून 'ते' करायचं या कल्पनेनंच ती लाजून भिंतीकडं तोंड करून उभी होती. मुलगा बिचारा घामानं भिजला होता. शेठ उठले, खुर्ची तिच्यासमोर नेली आणि धोतर सावरून स्वतःच त्या खुर्चीवर बसले. मग अहिराणीत म्हणाले:

"देख माय, मी बसनू. काय व्हयनं? काहीच नही. बठ्ठा लोक बसतस. तू बी बस."

म्हातारी पदर तोंडाला लावून हसली आणि बसली. मी माझी पत्रकं गोळा केली. माझं म्हणणं अजूनही तेच आहे. पलंग सरकारनंच द्यायला हवा, आणि आमच्या त्या मागणीवर आज पहिली सही गोकुळशेठची आहे. पण त्या दिवसापासून ते मला 'पत्रकवाली' म्हणतात आणि मी त्यांना काका.

आता हे घराणं मुळात मंडपवाल्यांचं कसं आणि कमोडवाल्यांचं कसं झालं, ते ऐका.

मारवाडातून आलेल्या सगळ्या घराण्यांच्या गोष्टीत आजोबा एक लोटा घेऊन येतात. काकांचे आजोबा लोट्यांची पोती घेऊन आले. एरंडोलला त्यांनी भांड्यांचं दुकान टाकलं. खपायचे तांबे-पेले, पण लोक विचारायचे मोठी पातेली, तीही एका दिवसापुरती. मग पातेली भाड्यानं द्यायला सुरुवात झाली. वडील जळगावला आले, पातेल्यांच्या जोडीला सतरंज्या आल्या, कनाती आल्या, लाकडी खुर्च्या आल्या. गोकुळ आणि बन्सी या दोन भावांनी त्यावर झुंबरं, सिंहासनं, लाल गालिचे आणि पाठीला सॅटिनचा बो बांधलेल्या खुर्च्या चढवल्या. बन्सीशेठ धुळ्याला गेले आणि देवपुरात बस्तान बसवलं. एक काळ असा होता की जळगाव आणि धुळे या दोन गावांत ज्याचं लग्न झालं, त्याच्या लग्नाच्या फोटोत मागं जो मोर दिसतो, तो यांचाच.

मग पावसाळ्यात, लग्नं नसताना, मेहरूणचा एक माणूस आला आणि भाड्यानं प्लास्टिकची एक खुर्ची घेऊन गेला.

एक खुर्ची! मंडपवाल्याच्या आयुष्यात एक खुर्ची कुणी मागत नसतं. काकांना तेव्हाच खटकलं होतं. खुर्ची परत येईना, म्हणून ते स्वतः मेहरूण तलावाच्या पलीकडं त्याच्या घरी गेले, आवाज चढवायची तयारी करूनच. पाहतात तो खुर्चीच्या मधोमध सुरीनं कापलेलं गोल भोक, खाली बादली, आणि खुर्चीवर त्या माणसाचे वडील. शेठ आले म्हणून ते म्हातारे गृहस्थ उठायची धडपड करायला लागले.

मुलानं हात जोडले. "शेठ, माल खराब केला. भरून देतो."

काका खाली वाकले, भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ओरडले, "अरे, कड घासली नाहीस! टोचत असेल ना त्यांना!"

आवाज तर चढवला. पण खुर्ची न घेताच परत आले, आणि दुसऱ्या दिवशी गोदामातल्या चांगल्या खुर्च्यांचा एक गठ्ठा काढून सुताराकडं नेला. भोकं पाडून, कडा घासून, पॉलिश पेपर मारून. बन्सीशेठनी धुळ्याहून वहिनीला फोन केला म्हणे, "भाभी, दादाला डॉक्टरकडं न्या. खुर्च्यांना भोकं पाडायला लागलाय."

पुढं जे झालं ते फक्त मंडपवाल्याच्याच घरात होऊ शकतं. गोदाम एकच. लग्नसराई आली. हमालांनी घाईत खुर्च्या उचलल्या, त्यांवर सॅटिनची कव्हरं चढवली, बो बांधले आणि रिसेप्शनला मांडल्या. कव्हराखाली भोक काही दिसत नाही. नवरदेवाचे मामा, वजनानं आणि मानानं दोन्हीनं भारी, पहिल्या रांगेत बसले. बसले ते बसतच गेले. कव्हर फाटलं, मामा घडी होऊन अडकले, आणि त्यांना खुर्चीसकट उभं करून दोघांनी ओढून बाहेर काढलं.

गावात हसं झालं. नुसतं हसं झालं असतं तर निभलं असतं. पण लोकांना खुर्चीचा खरा उपयोग कळला. "यांच्या खुर्च्या आधी कुणाखाली असतात कोण जाणे," असं बोललं जायला लागलं. ऑर्डरी तुटायला लागल्या. बन्सीशेठ तणतणत जळगावला आले. "दादा, एक काय ते कर. एक तर लग्नं, नाही तर हे."

काका म्हणाले, "बराबर आहे. लग्नं तू घे."

इतकं सोपं. तीन पिढ्यांचा धंदा एका वाक्यात दुसऱ्याच्या हवाली. मी काकांना विचारलं, जड नाही गेलं? तर म्हणतात, "अगं, लग्नाचं सामान कुणीही देईल. लग्नात माणूस उभ्यानं पण जेवतो."

बन्सीशेठ वर्षभर बोलले नाहीत. मग त्यांच्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. रात्री फोन आला. "दादा, एक खुर्ची पाठव."

"कव्हर घालून पाठवू का?" काकांनी विचारलं.

आज देवपुरातलं बन्सीशेठचं गोदामही निम्मं पलंगांनी भरलेलं आहे, आणि उरलेलं निम्मं ते दर वर्षी थोडं थोडं रिकामं करत चाललेत. मोर कुणीतरी विकत घेतला. आता दोन्ही भावांचं घर चालतं ते भाड्यानं दिलेल्या दुकानांवर.

धंदा सुटला, पण धंद्याची भाषा सुटली नाही. रुग्ण म्हणजे 'पार्टी'. ऑपरेशन म्हणजे 'कार्य'. पलंग पोचवणं म्हणजे 'मंडप टाकणं'. पावसाळा तोंडावर आला की काका हात चोळतात, "चला, घसरायचा सीझन आला." आणि कुणी आईसाठी पलंग मागायला आलं की त्यांचा पहिला प्रश्न, "सांभाळणार कोण? वरपक्ष की वधूपक्ष?" म्हणजे आई मुलाकडं राहणार की मुलीकडं. वधूपक्ष असेल तर गादी जाड देतात. "जावयाच्या घरी म्हातारी संकोचानं कूस बदलत नाही. पाठ लवकर सोलते," हे त्यांचं शास्त्र. कुठल्या डॉक्टरनं त्यांना सांगितलं मला माहीत नाही.

पण खरा मंडपवाला बघायचा तर पलंग लावताना बघा. मी एकदा सोबत गेले होते. घरच्यांनी सांगितलं, त्या कोपऱ्यात लावा. हमालांनी लावला. काका चपला काढून त्यावर आडवे झाले आणि छताकडं बघत बसले. घरचे एकमेकांकडं बघायला लागले.

"इथून संडासाचं दार दिसतं," काका पडल्या पडल्या म्हणाले. "दिवसभर तेच बघायचं का आजोबांनी? फिरवा."

पलंग फिरवला. काका पुन्हा आडवे. "आता भिंत दिसते. फिरवा." शेवटी कपाट हलवलं, टीव्ही हलवला, सुनेनं मनातल्या मनात यांना हलवलं, आणि पलंग अशा जागी आला की पडलेल्या माणसाला स्वयंपाकघराचं दार दिसेल, अंगणातली ये-जा दिसेल, आणि मान न वळवता कळेल की घरात कोण आलं. "स्टेज कुठूनही दिसलं पाहिजे," काका उठत म्हणाले. "लग्नात मी शेवटच्या रांगेतल्या खुर्चीत बसून बघायचो, नवरी दिसते का. तेच आहे हे."

असा माणूस. आता त्यांचा दोष सांगते, कारण गावात तो दोष म्हणूनच प्रसिद्ध आहे. गोकुळशेठ रस्त्यात ओळख देत नाहीत. मेहरूण तलावावर ते संध्याकाळी फिरायला जातात. समोरून ओळखीचा माणूस आला की हे पाण्याकडं बघतात. ज्याच्या घरी महिना-महिना यांचा पलंग होता, तो शेजारून गेला तरी यांची मान वळत नाही. लोक म्हणतात, दान केलं की माज येतोच. मला राहवलं नाही. मी एकदा तिथंच त्यांना झापलं. "काका, समोरून शाळेतले ते सर गेले. त्यांच्या वडिलांना तुम्ही चाकाची खुर्ची दिली होती. नमस्कार करायला काय झालं?"

"त्यांच्याबरोबर कोण होतं?"

"असेल कुणी मित्र."

"मग? मी हात केला तर तो मित्र विचारेल, हा कोण? सर काय सांगणार? आमच्याकडं कमोड आला होता, तेव्हाची ओळख?" ते पाण्याकडंच बघत होते. "अगं, माझा चेहरा म्हणजे लोकांच्या घरचं दुखणं. ते मी रस्त्यात कशाला काढू? ज्यानं आधी ओळख दाखवली, त्याला मी दहा नमस्कार करीन. नाही दाखवली, त्याला मी विसरलो."

"आणि किती जण दाखवतात आधी?"

"चल, सात वाजले," काका म्हणाले.

हे मी कमलकाकींना सांगितलं, म्हणजे काकांच्या बायकोला. काकी पापड लाटत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "पूर्वी सीझनला मी घरी चूलच पेटवायची नाही. ह्यांना रोज कुठं ना कुठं लग्नाचं जेवण. मंडपवाला जेवल्याशिवाय पंगत उठत नव्हती. आता पाच वर्षांत एक पत्रिका नाही आली दारात. शुभकार्यात आजारपणाची आठवण कशाला, म्हणतात." मग पुढची लाटी घेत, "गावात बँड वाजायला लागला की हे गच्चीवर जातात. तिथून सांगतात, वरात कुठं निघाली, मंडप कुणाचा असेल. मी म्हणते, खाली या, तर म्हणतात कपडे वाळलेत का बघतोय. कपडे मी दुपारीच काढलेले असतात."

आता त्या मुलीबद्दल. नाव देत नाही. तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे. स्कूटरवरून पडली, कंबरेपासून पाय गेला की काय असं झालं होतं. हाड जुळलं, पण उभी राहायची भीती बसली. व्यायामाला जायची तिथं पोरगी रडायची आणि चालायची नाही. काकांनी तिच्या वडिलांना सांगितलं, गोदामात आणा. तिथं त्यांनी मंडपाचे जुने खांब काढले, दोन्ही बाजूंनी कंबरेच्या उंचीवर आडवे बांधले, मधे लाल गालिचा अंथरला. आणि स्वतः पलीकडच्या टोकाला उभे राहून ओरडायचे, "चला, चला! वरात खोळंबली! नवरी अजून ब्यूटी पार्लरमध्येच का?"

पोरगी चिडायची. चिडून एक पाऊल टाकायची. काका तोंडानं बँड वाजवायचे, तोही बेसूर. गल्लीतले लोक थांबून बघायचे, म्हणून काकांनी पुढच्या बाजूला कनात लावली. माझी तिची मैत्री तिथलीच. त्या कनातीच्या आत ती पुन्हा चालायला शिकली, आणि ज्या दिवशी खांब सोडून चालली, त्या दिवशी म्हणाली, "काका, माझ्या लग्नात तुम्ही पहिल्या रांगेत. नाही आलात तर मी बोहल्यावर चढणार नाही."

काकांनी तोंडानं बँड वाजवायचं थांबवलं. "बघ हं," म्हणाले. "मंडपवाला पाहुणा म्हणून कधी बसलेला नाही. सवय नाही मला."

यंदा तिचं लग्न ठरलं, धुळ्याचं स्थळ. आखाजीच्या दिवशी तिचे वडील गोदामात आले. मी तिथंच होते. हातात मिठाईचा पुडा होता, पत्रिका नव्हती.

"शेठ, समजून घ्या," ते हळूच म्हणाले. "तिकडच्यांना पायाचं सांगितलेलं नाही. तुम्हाला कुणी ओळखलं, तुम्ही कसे ओळखीचे म्हणून विचारलं, तर..."

काका एका वॉकरचं रबर तपासत होते. वर न बघता म्हणाले, "कुणाचं लग्न आहे, साहेब? मी ओळखत नाही."

वडिलांना वाटलं शेठ रागावले. रागावलेले नव्हते. ते तेव्हाच विसरायला लागले होते.

पण मुलीनं स्वतः फोन केला. "पप्पांचं ऐकू नका. तुम्ही या." एवढंच बोलली आणि रडली. काकींनी जरीकाठी उपरणं काढलं, इस्त्री केली. काका नको नको म्हणत होते आणि आरशासमोरून हलत नव्हते. देवपुरात बन्सीशेठकडं एक पलंग पोचवायचाच होता, म्हणून टेम्पोनं निघालो. पुढं ड्रायव्हर, काका आणि मी, मागं पलंग. वाटेत एरंडोल लागलं तसे काका म्हणाले, "आजोबा इथून बैलगाडीत पातेली घालून लग्नांना जायचे. पाहुणा म्हणून जाणारा घराण्यातला मी पहिलाच बघ."

कार्यालयाच्या दारात एक मुलगी अक्षता वाटत होती. काकांनी मूठ पुढं केली, अक्षता घेतल्या आणि सवयीनं आधी वर बघितलं, कनात नीट ताणली आहे का. तेवढ्यात मुलीचे वडील आले. फेटा बांधलेला, घामाघूम. त्यांनी काकांचा दंड धरला. "शेठ, आत नको. पाया पडतो. वरपक्ष समोरच उभा आहे."

समोर खरंच वरपिता उभे होते. त्यांनी काकांकडं बघितलं. काकांनी त्यांच्याकडं बघितलं. वरपित्यांनी एकदम खिशातून मोबाईल काढला आणि पाठ फिरवली.

मी तोंड उघडणार होते. मोर्च्यात घोषणा देणारा आवाज आहे माझा, कार्यालयाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला असता. पण त्याआधी काकाच मोठ्यानं बोलले, चारचौघांना ऐकू जाईल असं: "अरेच्चा! हे पाटलांकडचं लग्न नाही का? माफ करा हं साहेब, चुकीच्या मंडपात आलो."

आणि वळले. उभ्या आयुष्यात त्या माणसाचा मंडप कधी चुकला नव्हता.

टेम्पोत मी रडत होते, संतापानं. "काका, सोडा मला. मी जाऊन सांगते सगळ्यांना."

"काय सांगशील? त्या पोरीचा पाय?"

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. काका म्हणाले, "दोन मिनिटं थांब रे भाऊ." आतून मंगलाष्टकं ऐकू येत होती. काका टेम्पोच्या खिडकीतून कार्यालयाच्या मागच्या भिंतीकडं बघत बसले होते. पहिलं 'सावधान' आलं तशी त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्या भिंतीवर अक्षता टाकल्या. थोड्याच. पुढच्या 'सावधान'ला पुन्हा थोड्या. मूठ त्यांनी शेवटच्या कडव्यापर्यंत पुरवली. मग हात झटकून म्हणाले, "आवाज बराबर होता नाही भटजींचा? चला, मंडप टाकायचाय."

थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "पहिल्या रांगेत नवरदेवाची आजी बसली होती, दारातून बघितलीस? मांडीवर शाल टाकून."

"हो. मग?"

"चाकं झाकली होती शालीनं. खुर्ची आपली आहे. बन्सीकडून गेलेली." आणि मग माझ्याकडं बोट रोखून, "कुणाला बोलायचं नाही."

म्हणजे काय, ते नीट कळतंय का तुम्हाला? वधूपक्षानं त्यांना हाकललं, वरपक्षाला कळू नये म्हणून. वरपक्षानं पाठ फिरवली, वधूपक्षाला कळू नये म्हणून. दोन्ही घरं याच माणसाच्या खांद्यावर उभी राहिली होती, आणि मंडपात जागा नव्हती ती याच एका माणसाला. आणि तो दोघांचीही गुपितं घेऊन टेम्पोत बसला होता.

महिन्याभरानं मुलीचा फोन आला. सासरी आजेसासूबाईंच्या खोलीचं दार नेहमी लोटलेलं असायचं. एक दिवस हिनं उघडलं, आणि आतली कमोडची खुर्ची बघून तिथंच सासूबाईंना म्हणाली, "ही गोकुळकाकांची ना? मला पण दिली होती." सासूबाई आधी पांढऱ्या पडल्या, मग दोघी हसल्या, मग हिनं पायाचं सगळं सांगितलं. काहीही झालं नाही. लग्न मोडलं नाही, आभाळ कोसळलं नाही. आजी एवढंच म्हणाल्या, "शेठला जेवायला बोलवा." मुलगी मला म्हणाली, लिही. माझं नाव नको, काकांचं लिही.

मी हे लिहीपर्यंत त्यांना जेवायला कुणी बोलावलेलं नाही. दोन्ही घरं म्हणतात, आता कसं बोलवायचं, लाज वाटते.

आता तुम्ही. हो, तुम्हीच, जळगावातले आणि धुळ्यातले. तुमच्यापैकी कितीतरी घरांत त्यांचा पलंग येऊन गेला आहे, आणि तो कुठल्या खोलीत होता हे तुम्ही शेजाऱ्याला सांगितलेलं नाही. लग्नाच्या तिथी पुढंही आहेत. तुमच्या घरचं कार्य ठरलं की अक्षत आणि पत्रिका घेऊन त्या गल्लीत जा, भर दिवसा, गल्लीला दिसेल असं. ते म्हणतील, मी तुम्हाला ओळखत नाही. ऐकू नका. हाताला धरून आणा, पहिल्या रांगेत बसवा, आणि व्याह्यांनी विचारलं, हे कोण, तर माईकवरून सांगा, की आमची आई पडून होती तेव्हा हे आमच्या घरी आले होते.